करंगळीशेजारचं बोट

माझी सून संयोगिता सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. बावीस वर्षांपूर्वी वाईहून आमच्या घरात आली तेव्हा मी माझ्या लेकाला, सयाजीला म्हणाले होते, "म्हस पिळता येत न्हाई, भाकरी कडंला जळती, मग एमेस्सी कशाची केली हिनं?" सयाजी पलटणीतला माणूस, घरातल्या लढाईत पडत नाही. तो रजा संपवून गेला आणि आम्ही दोघी राहिलो. आठवड्यातले पाच दिवस ती सांगलीत असते, शनिवारी दुपारच्या एस्टीनं गावात येते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला.

कॉलेजात नोकरी लागल्यावर पहिली सात वर्षं ती वासाच्या मागं होती. सेन्सर म्हणायची त्याला. काचेच्या पट्टीवर कसलासा पातळ थर द्यायचा, आणि अमोनियाचा वास आला की त्या थरातनं जाणारी वीज कमीजास्त व्हायची. एवढ्यासाठी सात वर्षं. मी म्हणायची, "गोठ्यात ये, अमोनिया कुठं हाय ते मी नाकानं सांगते." एकदा तिनं अशा नऊ पट्ट्या खिडकीत ठेवल्या होत्या. मला वाटलं, मळल्यात. मी राखेनं घासून लखलखीत करून ठेवल्या. ती आली, पट्ट्या बघितल्या, आणि मागच्या दारी जाऊन बसली. तीन महिन्यांचं काम होतं म्हणे. मी काही माफीबिफी मागितली नाही. असली वस्तू घरात आणायची कशाला, असंच म्हणाले. पण त्या दिवसापासून तिच्या कुठल्या वस्तूला हात लावला नाही. डॉक्टरेट मिळाली तेव्हा गावात पेढे मीच वाटले. "कसली डाक्टर, सुई टोचती का?" असं कुणी विचारलं तर सांगायची, "ती टोचत न्हाई. टोचणाऱ्याला हत्यार करून देती."

वास सोडून ती रक्ताकडं वळली त्याला कारण आहे. माझी नात अपेक्षा झाली त्या वेळी मिरजेच्या दवाखान्यात हिला तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "नऊ महिन्यांत कुणी रक्त बघितलं नाही का हिचं?" दिवस गेल्यावर ती रजा काढून गावातच होती, इथं सोय नव्हती आणि कराडला जाते म्हणाली तर "कशाला हिंडतीस" म्हणून मीच बसवून ठेवली होती. मी म्हणाले, "पैलटकरीण पांढरीच दिसती." त्या बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या. पुढं कधी तो विषय आमच्या घरात निघाला नाही. पण सहा महिन्यांत संयोगितानं वासाची कपाटं आवरली आणि थेंबाच्या मागं लागली.

त्या विद्येला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. मला ते नाव पाठ करायला एक महिना लागला. आता मी न अडखळता म्हणते, सरपंचाला अजून येत नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, चिप म्हणतात त्याला, त्यात केसाहून बारीक वाटा कोरलेल्या. बोटाचा एक थेंब तोंडाशी ठेवला की तो आपला आपण वाटेनं चालायला लागतो, मधल्या वळणावर औषध मिसळतं, आणि शेवटी एका खिडकीत जाऊन थांबतो. एका बाजूनं हिरवा उजेड सोडायचा. पलीकडं तो किती पोचला यावरून रक्तात लोह किती ते कळतं, आणि मोबाइलएवढ्या डबीवर आकडा येतो. बाराच्या पुढं असला तर ठीक. आशाताईच्या पिशवीत मावेल असं यंत्र. हे जमवायला तिला अकरा वर्षं लागली. कधी थेंब वाटेतच अडायचा, कधी बुडबुडा व्हायचा, कधी उन्हाळ्यात औषध बिघडायचं.

शेवटची चार वर्षं तिच्या हाताखाली रुमाना आहे. मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या घरातली पोरगी, अठ्ठावीस वर्षांची, पीएचडी करते. बोलते कमी. हात असा की सुईत दोरा बघायच्या आधी ओवून होतो.

गेल्या संक्रांतीला गोष्ट इथवर आली होती. मार्चमध्ये यंत्र पास का नापास ते ठरवायला पुण्याहून कमिटी येणार. त्याआधी साठ बायकांचं रक्त दोन तऱ्हांनी तपासायचं. बोटाचा थेंब चिपमध्ये, आणि दंडातलं रक्त बाटलीत भरून मिरजेच्या लॅबला. दोन्ही आकडे जुळले तर यंत्र दहा गावांतल्या आशाताईंना मिळणार. नाही जुळले तर काम बंद, आणि रुमानाची चार वर्षं गेली.

"साठ बायका कुठनं आणायच्या?" संयोगिता म्हणाली.

"हळदीकुंकू ठेव. वाण हाय म्हटलं की साठ काय, शंभर येतील."

"चालेल आत्या. पण आधी रक्त घेऊ, मग हळदीकुंकू."

"सवाष्ण दारात आली की आधी सुई टोचायची? काय रीतभात? आधी हळदीकुंकू, मग काय ते रक्त."

"अहो, चार वाजता बाटल्या घेऊन गाडी मिरजेला निघायची आहे."

"मग हळदीकुंकू लवकर सुरू करू. गाव माझं हाय, संयोगिता. बायका माझ्या शब्दावर येत्यात. तुझ्या यंत्राच्या न्हाई."

ती कबूल झाली. त्यात काही वाकडं होईल असं तिला तरी कुठं वाटलं होतं.

रविवारी समाजमंदिरात सतरंज्या घातल्या. मी मालकांमागं हळदीला हात लावत नाही, आणि सुनेला बाटल्यांची घाई, म्हणून कोयरी शेजारच्या राणीच्या हातात दिली. राणीला पाचवा महिना, तोंड धुतलेल्या कापसासारखं. तिनं प्रत्येकीला लावायचं, प्रत्येकीनं उलटून तिला लावायचं, मग दोघी-चौघींनी आपसांत, अशी आमची रीत. नंतर सगळ्यांना मी रांगेत बसवलं आणि एकेकीच्या हातात नंबराची चिठ्ठी दिली. कागदावर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर, वय, वजन. कुणाचं रक्त कसं हे कुणाला कळू नये असा त्यांचा नियम आहे. नावांचा कागद पाकिटात घालून, चिकटवून आशाताईकडं ठेवायला दिला.

बायका भ्यायला नकोत म्हणून एक नंबरला मी बसले. रुमाना म्हणाली, "आजी, करंगळीशेजारचं बोट द्या. त्याला कमी दुखतं." स्पिरिटचा कापूस फिरवला, टोचलं, थेंब घेतला. मग दंडातलं बाटलीत. कळलंसुद्धा नाही.

सातव्या नंबरला बनूबाई. आमचं आणि तिचं बांधावरनं नऊ वर्षं वाजलेलं आहे. ती म्हणाली, "मी वाणाला न्हाई आले. आमाला कोण वाण देतंय? रक्ताला आलेय."

"रक्त असलं तर निघंल," मी म्हणाले.

"तुज्याकडं पिऊन उरलं असंल तर दे की थोडं."

बायका हसल्या. चारला गाडी मिरजेला गेली. मला वाटलं, झालं.

पंधरा दिवसांनी शनिवारी संयोगिता आली ती पायातल्या चपलेसकट ओट्यावर बसली. "जुळले नाहीत, आत्या."

"किती?"

"साठातले त्रेपन्न. चिप सगळीकडं जास्त दाखवते. एकीचं लॅबमध्ये सात पॉइंट नऊ आहे, आपल्या चिपवर बारा पॉइंट आठ." नाव तिनं सांगितलं नाही, पण त्याच संध्याकाळी आशाताई राणीला घेऊन तातडीनं कराडच्या दवाखान्यात गेली तेव्हा मला कळलं. नुसत्या आपल्या डबीवर विसंबून राहिलो असतो तर त्या पोरीला ठणठणीत म्हणून घरी पाठवलं असतं.

अकरा वर्षं जे माणूस एका थेंबाच्या मागं लागलंय त्याचं चुकेल हे माझ्या डोक्यात शिरेना. मग चुकलं कुणाचं? दुसऱ्या दिवशी रुमाना बायकांना लॅबचे कागद वाटायला समाजमंदिरात आली होती. बायकांनी मला विचारलं, "आक्का, यंत्र खोटं निघालं म्हणं?"

मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "यंत्राला काय झालंय? त्या मिरजेच्या पोरीचा हात ढिला. बाटल्या इकडच्या तिकडं केल्या असतील. चार बुकं जास्त शिकलं म्हणून काय नंबर लावता येतोय व्हय?"

रुमाना खिडकीशी उभी होती. हातातले कागद संपेपर्यंत वाटत राहिली. मग "येते आजी" म्हणून गेली.

त्यानंतरच्या बुधवारी मी डोळे दाखवायला मिरजेला गेले. मोतीबिंदू अजून पिकायचा आहे म्हणाले. परतताना सांगलीत कॉलेजवर उतरले, रात्री सुनेच्या खोलीवर मुक्काम करावा म्हणून. तिची लॅब मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मला वाटलं होतं मोठालं काहीतरी असेल. दोन टेबलं, एक दुर्बीण, आणि काचेच्या पेटीत चिपा मांडलेल्या. मला खुर्ची देऊन दोघी आपल्या कामाला लागल्या. पुढ्यात कागद. कमिटीला काय कळवायचं ते ठरवायचं होतं.

"पुन्हा वाच," संयोगिता म्हणाली. "जुळलेले तेवढेच."

रुमाना वाचायला लागली, "एक. सात. एकोणीस. वीस. तेहेतीस. एक्केचाळीस. बावन्न."

"वयाचं काही निघतं का?"

"नाही मॅडम. बहुतेक साठीच्या पुढच्या आहेत, पण बावन्न नंबर सव्वीस वर्षांची आहे. आणि साठीच्या पुढच्या दुसऱ्या नऊजणी जुळत नाहीत."

"वजन?"

"तेही नाही."

"बाटल्या?"

"त्या मी तीनदा तपासल्या."

त्यांच्यापुढं नुसते नंबर होते. रांग मी लावली होती. एक नंबर मी. सातला बनूबाई. एकोणीस आणि वीसला अल्लाबक्षची अख्तरबी आणि तिची जाऊ, दरवर्षी येतात, तिळगूळ घेतात, हळद लावून घेत नाहीत. तेहेतीसला पारूबाई, तिचे मालक पाच सालाच्या महापुरानंतर गेले. एक्केचाळीसला जोतिबाची म्हातारी आई. आणि बावन्नला शिंद्यांची थोरली सून, तिचा नवरा गेल्या वर्षी ट्रॅक्टरखाली गेला. मी मनातल्या मनात सातहीजणींना रांगेत बसवलं आणि त्यांच्या कपाळाकडं बघितलं. मोकळी कपाळं. मग हातांकडं बघितलं.

कळलं मला. तिथंच कळलं. आणि मी गप्प बसले.

का बसले ते सांगते. आधी हळदीकुंकू हा हट्ट माझा होता. संयोगितानं सरळ सांगितलं होतं आधी रक्त, आणि मी गाव माझं म्हणाले होते. वर त्या पोरीला पन्नास बायकांत ढिली म्हणून झाले होते. आता बोलायचं म्हणजे दोन्ही आपल्याच तोंडानं परत घ्यायचं. बासष्ट वर्षांत मला तशी सवय नाही. मी चहा मागितला. चहा आला. पिऊन झाला. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या आहेत, काढतील शोधून.

संयोगितानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कळवून टाकू. चाचणी फसली, कारण सापडलं नाही."

"कारण लिहा मॅडम," रुमाना म्हणाली. "नमुने घेताना माझी चूक झाली असं लिहा. मी सही करते. मग निदान चिपवर डाग येणार नाही, दुसऱ्या कुणाला घेऊन पुढं करता येईल."

"तुझी चूक झालीय का?"

"सापडत तर नाही. पण गावात सगळ्या तेच म्हणतायत."

सगळ्या म्हणजे कोण, ते तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं. तिचा बाप हे ऐकता तर म्हणाला असता, पोरी, घरी ये.

मी म्हणाले, "ए, पेन खाली ठेव."

दोघींनी मान वर केली.

"तुमचे सात नंबर म्हणजी ज्यांनी हळदीकुंकू घेतलं न्हाई त्या. चार म्हाताऱ्या, मीसुद्धा धरून, रांडावलेल्या. एक शिंद्यांची सून. आणि दोघी मुसलमानाच्या. बाकी समद्यांनी लावलंय. कुठल्या बोटानं लावत्यात हळद?"

संयोगितानं आपला उजवा हात उचलला आणि करंगळीशेजारच्या बोटाकडं बघत बसली.

"तेच बोट टोचलंय हिनं," मी म्हणाले.

"पण मी स्पिरिटनं पुसलं होतं, आजी," रुमाना म्हणाली. "प्रत्येकीचं."

संयोगिता हळूच म्हणाली, "स्पिरिटनं हळद जात नाही, रुमाना. विरघळते. रेघांत बसलेली सुटते आणि थेंबात उतरते. आणि आपल्या औषधात अल्कली आहे."

"अल्कलीत हळद लाल," रुमाना म्हणाली.

"व्हय की," मी म्हणाले. "पातळावर हळद सांडली आन साबण लावला की लाल डाग पडतो. शेंबड्या पोराला ठावं हाय."

"मलाही ठाऊक आहे, आत्या. आठवीपासून."

"मग?"

"मग काय. सुचलं नाही."

कँटीनमधून चिमूटभर हळद आणली. संयोगितानं ती उजव्या हाताच्या बोटाला लावली, हवेतच दोघींना लावल्यासारखं केलं, हात पुसला. डावा हात तसाच. रुमानानं दोन्ही बोटं स्पिरिटनं पुसली, टोचली, दोन थेंब दोन चिपांत घातले. डबीवर आकडे आले. उजव्याचं चौदा पॉइंट दोन, डाव्याचं दहा पॉइंट सात.

रुमानानं आकडे वहीत लिहिले. मग दोघी एकदम बोलायला लागल्या, निम्मं इंग्रजीत. मधेच निळा उजेड, पिवळा उजेड, दुसरी खिडकी असलं काहीतरी. मला एवढंच समजलं की आता चिपेत आणखी एक उजेड बसवणार, म्हणजे थेंबात हळद असली तर यंत्र स्वतःच सांगेल, हात धुऊन या.

"सासवा-सुनांच्या रीतीभाती काय थांबणार न्हाईत," मी म्हणाले. "यंत्रालाच शिकवा."

"तेच करतोय," संयोगिता म्हणाली.

"आन तुज्या डाव्या हाताचं दहा पॉइंट सात हाय. ते बी बघा."

ती माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बघते."

आता राहिल्या साठ बायका. पुन्हा बोट, पुन्हा दंड. नव्यानं परवानगीचे कागद करायचे, ते त्यांनी केले. बायका आणायचं काम माझं. वाण नव्हतं, हळदीकुंकू नव्हतं, नुसती सुई. मी आजवर कुणाच्या उंबऱ्याशी काही मागायला गेले नाही. लोक माझ्याकडं येतात. त्या आठवड्यात मी साठ उंबरे हिंडले. काहींनी चहा केला, काहींनी दार अर्धंच उघडलं. बनूबाईनं ओसरीवर उभं केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आमाला हळद न्हाई म्हणून आमचं रक्त खरं निघालं," ती म्हणाली.

"तसंच."

"आन तुजा हट्ट नडला."

"माजाच."

"पुन्हा म्हण."

"माजा हट्ट नडला, बनूबाई. येतीस का न्हाई?"

"येते की. हे ऐकायला नऊ वर्सं वाट बगितली."

रविवारी पुन्हा सतरंज्या पडल्या. दारात बादली, साबण, नखांचा ब्रश. रुमाना खुर्चीवर बसायच्या आधी मी उठून उभी राहिले. म्हणाले, "गेल्या वेळी मी बोलले का हिचा हात ढिला. हिचा हात ढिला न्हाई. हळद आधी लावायची म्हणून मी अडून बसले, त्यानं आकडे चुकले. ज्यांनी ज्यांनी घरी जाऊन ते सांगितलं असंल त्यांनी हे बी सांगा." बसले. रुमानाचे कान लाल झाले होते. तिनं चिप काढली आणि कामाला लागली. राणी या वेळी शेवटी बसली. तिला कराडला इंजेक्शनं सुरू झाली होती.

साठातले अठ्ठावन्न जुळले. दोघींचे नाहीत. मी म्हणाले, त्या दोघींना पुन्हा आणते. संयोगिता म्हणाली, "नको. न जुळलेलेसुद्धा दाखवायचे असतात."

मार्चमध्ये कमिटी आली. तीन माणसं, त्यांत एक बाई. कॉलेजात बोलणं झालं, मग गाव बघायचं म्हणून समाजमंदिरात आले. यंत्र दहा गावांना द्यायचं हे त्यांनी तिथंच सांगितलं, कागद मागून येणार. रुमानाला त्या बाईंनी पुष्कळ प्रश्न विचारले, ती न अडखळता उत्तरं देत होती. मग त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "पहिली चाचणी का फसली, ते अहवालात मोघम आहे. ‘नमुना घेण्यापूर्वीची स्थानिक प्रथा’ एवढंच लिहिलंय. नक्की काय घडलं?"

संयोगिता अहवालाची पानं चाळायला लागली. तिला माझं नाव घ्यायचं नव्हतं.

मी म्हणाले, "लिहून घ्या. सुनेनं आधी रक्त म्हणून सांगितलं होतं. सासूनं हट्ट केला, आधी हळदीकुंकू म्हणून. सासू म्हणजी मी."

ते वही काढून लिहायला लागले. "आजी, नाव काय तुमचं?"

"राहीबाई लालासाहेब जगदाळे," मी म्हणाले. आणि ते नुसतं राहीबाई लिहून थांबले तसं त्यांना पुढचंही लिहायला लावलं. चूक माझी लिहायची तर नाव पुरतं लिहावं.